काळं पॉलिश: पोलादाच्या तुकड्याचा आरसा कसा करायचा

मागच्या बाजूला काच असलेलं एखादं उंची स्विस घड्याळ हातात आलं, तर भिंग लावून त्यातल्या पोलादी स्क्रूच्या डोक्याकडे बघा आणि घड्याळ हळूहळू कलतं करत जा. एका कोनात ते डोकं लख्ख पांढरं दिसतं. जरासं कललं की एकदम काळं ठिक्कर. मधली राखाडी छटा येतच नाही. यालाच काळं पॉलिश म्हणतात. स्वित्झर्लंडच्या फ्रेंचभाषक भागातले कारागीर ‘पोली न्वार’ म्हणतात.

यात रंग नाही, लेप नाही, की कसलं रसायन नाही. पृष्ठभाग इतका सपाट झालेला असतो की त्यावर पडलेला प्रकाश एकाच दिशेला परततो. तुमचा डोळा त्या वाटेवर असेल तर पांढरं, नसेल तर काळं. पृष्ठभागावर बारीक ओरखडे उरले असतील तर थोडा प्रकाश इकडेतिकडे विखुरतो आणि कुठल्याही कोनातून करडी झाक दिसते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण 400 ते 700 नॅनोमीटर असते. ओरखडे त्याच्या तुलनेत अगदी किरकोळ झाल्याशिवाय ती झाक जात नाही.

म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. चमक आणि सपाटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बफिंगच्या मोटरवर कापडी चाक लावून, पॉलिशचा हिरवा किंवा लाल साबण (घासकण मिसळलेली मेणकट कांडी) फासून कुठलाही धातू पाच मिनिटांत चमकवता येतो. पण कापड मऊ असतं, ते खाचेत शिरतं, कडेवरून घसरतं, आणि कड गोल करून ठेवतं. अशा तुकड्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघितलं तर कडेजवळ ते वाकडं होतं. काळ्या पॉलिशमध्ये प्रतिबिंब शेवटच्या कडेपर्यंत सरळ जातं आणि तिथे तुटतं. आपल्याला ते हवंय.

पुढची सगळी कृती हातानं करायची आहे. मोटर लागत नाही. पहिल्याच दिवशी घड्याळाचा स्क्रू हातात घेऊ नका. आधी साध्या पोलादाच्या चकत्यांवर हात बसू द्या.

सामान

सिल्व्हर स्टीलची, म्हणजे कडक करता येणाऱ्या कार्बन पोलादाची, 8 मिलिमीटर जाडीची सळई. टूलरूमचं सामान विकणाऱ्या दुकानात ती फूटभर सहज मिळते. 8 ते 10 मिलिमीटर जाडीची सपाट काच, साधारण वहीच्या पानाएवढी. काचवाल्याकडे उरलेल्या तुकड्यांत सापडते, फक्त कडा घासून घ्यायला सांगा. पाणीपेपर 400, 800 आणि 1200 नंबरचे. त्यापुढे 9 आणि 3 मायक्रॉनची लॅपिंग फिल्म, म्हणजे बारीक घासकण चिकटवलेली प्लास्टिकची पातळ फिल्म. 40–50 मिलिमीटर व्यासाची, चांगली जाड पितळी चकती. चपडा, म्हणजे लाखेच्या पातळ पापड्या. फर्निचरला लाखपॉलिश करणारे वापरतात तोच. स्पिरिट. स्पिरिटचा दिवा. दहापटीचं भिंग. आणि शेवटच्या टप्प्यासाठी डायमंटीन व कथलाचा ठोकळा, ज्यांबद्दल पुढे सविस्तर.

कागदाच्या नंबरांबद्दल एक सावधगिरी. नंबर देण्याच्या पद्धती एकाहून जास्त आहेत, आणि एका कंपनीचा 1000 हा दुसरीच्या 800 इतका खरखरीत निघू शकतो. सगळे कागद एकाच कंपनीचे घ्या. स्वस्त कागदात एखादा मोठा कण घुसलेला असतो, आणि तो नेमका तुमच्या तुकड्याखाली येतो.

पोलादाला पाणी देणं

लोहार कोयत्याला पाणी देतो तेच इथे लहान प्रमाणात करायचंय. मऊ पोलादावर काळं पॉलिश नीट येत नाही. पृष्ठभाग ओढला जातो, कण रुततात, ओरखडे खोल जातात. कडक पोलाद मात्र स्वच्छ कापलं जातं. घड्याळातल्या काळ्या पॉलिशचे भाग बघा: तूरबियोंच्या (वेग ठरवणारं चाक फिरत्या पिंजऱ्यात बसवणाऱ्या यंत्रणेच्या) पिंजऱ्यावरचे पूल, मिनिट रिपीटरच्या (ठोके देऊन वेळ सांगणाऱ्या यंत्रणेच्या) हातोड्या, बॅलन्सच्या, म्हणजे त्या वेग ठरवणाऱ्या चाकाच्या, वरची छोटी पोलादी टोपी, स्क्रूची डोकी. सगळं कडक पोलाद. पितळेचा आरसा होतो, पण ही काळी खोली त्याला येत नाही.

सळईच्या तीन-तीन मिलिमीटरच्या तीन चकत्या करवतीनं कापा. तीनच का, ते पुढे कळेल. कानशीनं दोन्ही तोंडं ढोबळ सपाट करा. मग टॉर्चवर चकती चेरीसारखी लाल होईपर्यंत तापवा. लाल म्हणजे किती लाल हे नवख्याला कळत नाही, त्यासाठी लोहचुंबक जवळ ठेवा: साधारण 770 अंश सेल्सिअसला पोलाद चुंबकाला चिकटायचं थांबतं. त्याच्या थोडं वर नेऊन लगेच विझवा. एवढ्या छोट्या चकतीला तेल पुरतं. तेलानं काम झालं नाही तर पाणी, पण पाण्यात तडा जाण्याचा धोका जास्त. तेलाचं भांडं धातूचं हवं, झाकण हाताशी हवं, आणि हे काम गॅलरीत किंवा अंगणात करायचं.

झालं का कडक? जुनी कानस कडेवर ओढून बघा. कानस नुसती घसरत गेली, चावली नाही, तर झालं. चावली तर पुन्हा तापवा.

आता ती चकती काचेसारखी ठिसूळ आहे. घरच्या ओटीजीत 200 अंशांवर तासभर ठेवली की ठिसूळपणा कमी होतो आणि कडकपणा बऱ्यापैकी टिकतो. ओटीजीचे आकडे फार विश्वासाचे नसतात. चकतीचा एक भाग आधी घासून पांढरा केलेला असेल तर त्यावर फिकट गवती पिवळा रंग दिसतो, तीच खरी खूण. रंग निळ्यावर गेला म्हणजे तापमान 300 च्या आसपास पोचलं. तेही पॉलिश घेतं, घड्याळातले कित्येक स्क्रू त्या कडकपणाचे असतात, पण शिकताना पिवळ्यावर थांबलेलं बरं.

तीन पाय

नवखे लोक या टप्प्याकडे दुर्लक्ष करतात आणि मग महिनोन्‌महिने कडा गोल का होतात म्हणून डोकं धरून बसतात. एखादी छोटी चकती बोटात धरून काचेवर घासली, की मनगट प्रत्येक फेरीत थोडंसं डुलतं. पुढे जाताना पुढची कड दबते, मागे येताना मागची. परिणाम: उशीसारखा फुगलेला पृष्ठभाग. कितीही जपून धरा, टळत नाही.

तीन बिंदूंतून एकच सपाटी जाते, म्हणून घड्याळजींची पॉलिशची अवजारं तीन पायांची असतात. स्क्रूसाठीच्या अवजारात दोन पाय वर-खाली करता येतात आणि तिसरा पाय म्हणजे खुद्द स्क्रूचं डोकं. पण ते अवजार विकत घ्यायच्या आधी फुकटचा मार्ग वापरा. त्या तीन चकत्या पितळी चकतीच्या कडेजवळ, एकमेकींपासून सारख्या अंतरावर चिकटवा. तिन्ही एकाच वेळी घासल्या जातात आणि आपोआप एकाच पातळीत येतात. समायोजन काहीच नाही. शिवाय एका फटक्यात तीन नमुने.

चिकटवायला लाख. पितळी चकती स्पिरिटच्या दिव्यावर धरून तापवा, चपड्याची पापडी टेकवून बघा. ती वितळून मधासारखी पसरली की आच काढा. फेस आला तर जास्त तापलं. जळकी लाख धरत नाही, पुसून पुन्हा करा. तीन छोटे ठिपके, त्यावर तीन चकत्या, आणि वरून सपाट काचेनं अलगद दाबून थंड होऊ द्या. लाख पाऊणशे-ऐंशी अंशांच्या आसपास मऊ होते, त्यामुळे तुकडा परत सोडवणं सोपं आणि पोलादाच्या कडकपणाला धक्का नाही. स्विस घड्याळजी याच कामासाठी लाख वापरतात, आणि तिचा मोठा हिस्सा भारतातूनच जातो. दुकानातल्या सुपर ग्लूचा मोह नको. त्याचा थर सारख्या जाडीचा बसत नाही आणि सोडवताना त्रास.

दळण

‘दळण’ हा माझा शब्द, पण काम तेच आहे: काचेवर कागद, कागदावर तीन पायांची तिपाई, आणि न थकता फेऱ्या.

काच ओली करा, त्यावर 400 चा कागद पाण्यानं चिकटवा, मधे फुगा राहू देऊ नका. तिन्ही चकत्यांच्या तोंडावर काळा मार्कर फिरवा. चार फेऱ्या मारून उलटवून बघा. मार्कर कुठे उरलाय? तिथे अजून स्पर्श झालेला नाही. तिन्हींवरचा मार्कर पूर्ण जाईपर्यंत हा कागद सोडायचा नाही. दाब बोटांचा नको, पितळेच्या वजनापेक्षा किंचितच जास्त. हात मध्यभागी.

सुरुवातीला सरळ रेषेत घासा, म्हणजे सगळे ओरखडे एकाच दिशेला पडतील. मग 800 वर गेलात की तिपाई नव्वद अंशांनी वळवा. आता नवे ओरखडे जुन्यांना आडवे पडतात, आणि जुनी एखादी रेघ उरली असेल तर भिंगातून लगेच दिसते. ती शेवटची आडवी रेघ गेल्यावर थांबू नका. तेवढंच काम पुन्हा करा. कारण ओरखड्याला खोली असते, आणि खालचा दबलेला, ताणलेला थरही जायला हवा. तो राहिला तर दोन टप्पे पुढे, पॉलिश चढत असताना, ती रेघ भुतासारखी वर येते.

1200 नंतर कागद संपला. पुढे 9 मायक्रॉनची फिल्म, मग 3 ची. फिल्म कागदापेक्षा पुष्कळ चांगली, कारण तिच्यावरचे कण जवळजवळ एकाच मापाचे असतात. तीही काचेवर पाण्यानं बसते. 3 मायक्रॉन संपल्यावर चकत्यांमध्ये तुमचा चेहरा दिसायला लागेल. बहुतेक लोक इथे खूश होऊन थांबतात, आणि फोटोत हे चांगलंच दिसतं. पण खिडकीकडे धरून तिरकं बघा: धुरकट राखाडी पडदा आहे. तो पडदा घालवण्यासाठी पुढचा टप्पा.

स्वच्छतेचं मधल्यामधे सांगतो, कारण ती शिकवायला जागा अशी एकच नसते. प्रत्येक टप्प्याला वेगळं ताट, वेगळा फडका, वेगळं पाणी. एका टप्प्यातून दुसऱ्यात जाताना तिपाई साबणानं घासा, पितळेच्या कडेखालचा गाळ जुन्या दात घासायच्या ब्रशनं काढा, आणि हात नखांसकट धुवा. 35 मायक्रॉनचा एक कण 3 मायक्रॉनच्या फिल्मवर गेला की तासाभराचं काम मातीत. पंखा बंद. शेजारी बांधकाम चालू असेल तर खिडकीही बंद. आपल्याकडच्या धुळीत वाळू असते, आणि वाळू पोलादाला ओरखडते.

कथलाचा ठोकळा

शेवटचा टप्पा मऊ धातूवर होतो. हे उलटं वाटतं, पण कारण सरळ आहे: पॉलिशची पूड मऊ धातूत रुतून बसते आणि तिचं फक्त टोक बाहेर राहतं. कण घरंगळत नाहीत, त्यामुळे एकसारखे अगदी उथळ काप पडतात. ठोकळा मऊ, तुकडा कडक. झीज कुणाची होते? तुकड्याची, कारण पूड ठोकळ्याच्या बाजूनं लढत असते. कथील आणि जस्त हे दोन्ही चालतात. कथील जास्त मऊ आणि माझ्या मते नवख्याला जास्त माफ करणारं.

आपल्याकडे कथील मिळवणं अवघड नाही. भांड्यांना कल्हई करणारे तेच वापरतात. पण कल्हईच्या कथलात शिसं मिसळलेलं असू शकतं, आणि शिसं अंगात जाणं वाईट, शिवाय ठोकळा फार लिबलिबीत होतो. शुद्ध म्हणून विकली जाणारी कांडी घ्या. कथील 232 अंशांना वितळतं, म्हणजे लोखंडी पळीत घरच्या गॅसवर. ती पळी परत आमटीत जाणार नाही, एवढं घरच्यांना आधीच सांगून ठेवा. साचा म्हणून लोखंडी डबी किंवा चौकट चालते. ती पूर्ण कोरडी हवी. ओलाव्याचा एक थेंब असला तर त्याची वाफ होऊन वितळलेला धातू तोंडावर उडतो. चष्मा, हातमोजे, बंद चपला. साधारण 50 मिलिमीटर चौरस आणि बोटभर जाड ठोकळा पुरतो. हे सगळं नको असेल तर जस्ताचा जाड पत्रा आणून कापून घ्या.

ठोकळ्याचं तोंड कानशीनं सपाट करा. मग त्याच कानशीचे हलके आडवे-उभे हात मारून बारीक जाळी उमटवा. या जाळीत पूड धरते आणि जादा तेल मुरतं. ही कानस फक्त याच कामाची. तिनं कधी पोलाद घासलं असेल तर पोलादाचे कण कथलात अडकतात आणि ठोकळा पॉलिश करण्याऐवजी ओरखडे काढत बसतो. प्रत्येक वेळी कामाला बसण्याआधी ठोकळा असाच ताजा करून घ्यायचा. कण झटकायला तोंडानं फुंकर नको, थुंकीचा शिंतोडा जातो. रबरी फुंकणी वापरा.

डायमंटीन मळणं

डायमंटीन म्हणजे हिऱ्याची पूड नव्हे, नावावर जाऊ नका. ती अतिशय बारीक, पांढरी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची पूड आहे. कठीणपणाच्या मोह्स मोजपट्टीवर 9, म्हणजे हिऱ्याच्या एक पायरी खाली. घड्याळाची अवजारं विकणाऱ्यांकडे छोट्या बाटलीत मिळते. वेगवेगळ्या जाडीची येते. सगळ्यात बारीक एकच घ्या, बाटली आयुष्यभर पुरते.

स्वच्छ काचेच्या तुकड्यावर मोहरीएवढी पूड. त्यावर घड्याळाच्या तेलाचा सुईच्या टोकावर मावेल तेवढा थेंब. पहिल्यांदा वाटेल की एवढ्या तेलात ही पूड भिजणारच नाही. पोलादी पात्याच्या सपाट बाजूनं दाबून, ओढून, गोळा करून, परत दाबून मळत राहा. पाच-दहा मिनिटांनी ती घट्ट होते, पुट्टीसारखी. पांढऱ्याची किंचित करडी होते. आणखी तेल घालावंसं वाटलं तर घालू नका. पातळ डायमंटीन हे नवख्यांच्या अपयशाचं सगळ्यात मोठं कारण आहे. पातळ झालं की कण तेलावर तरंगतात, कथलात रुतत नाहीत, आणि तासभर घासूनही राखाडी पडदा हलत नाही.

मळलेला गोळा लगेच झाका. उरलेला दुसऱ्या दिवशी वापरायचा असेल तरी झाकणाच्या डबीतच.

आता खरं पॉलिश

बोटाच्या टोकानं, नव्हे, स्वच्छ पात्याच्या टोकानं गोळ्यातला कणभर अंश ठोकळ्यावर ठेवा आणि पसरवा. बोटाला घाम आणि कातडीचे कण असतात. थर जवळजवळ दिसूच नये इतका पातळ. तिपाई खाली ठेवा, आणि लहान गोल फेऱ्या. मधून मधून आठच्या आकड्यात. ठोकळ्याचा सगळा पृष्ठभाग वापरा, एकाच जागी खड्डा पाडू नका.

सुरुवातीला ती सहज घसरेल. थोड्या वेळानं पूड काळवंडते: कापलं गेलेलं पोलाद त्यात मिसळतंय. मग घर्षण वाढल्यासारखं वाटतं, तिपाई ठोकळ्याला धरायला लागते, जणू खालून कुणी ओढतंय. कान द्या, आवाजही बदलतो. हीच ती वेळ. पॉलिश याच शेवटच्या काही फेऱ्यांत चढतं. दाब आणखी कमी करा, फेऱ्या लहान करा, आणि तिपाई सरळ वर उचला. बाजूला ओढून काढलीत तर कडेवरचा गाळ तोंडावरून सरकतो आणि एक लांब रेघ देऊन जातो.

आधीचे टप्पे पूर्ण झाले असतील तर हे मिनिटांचं काम आहे. अर्धा तास झाला तरी पडदा जात नाही, तर आणखी जोर लावू नका. चूक इथे नाही, मागे आहे. परत 3 मायक्रॉनवर जा.

पुसायला कापड किंवा टिश्यू नको, दोन्ही बारीक ओरखडे देतात. युरोपातले घड्याळजी एल्डरच्या फांदीतलं भेंड वापरतात, सामानाच्या दुकानात ते पिथवुड म्हणून मिळतं. ताज्या कापलेल्या टोकानं तुकड्यावर अलगद दाबायचं, म्हणजे तेल व पूड त्यात शोषली जाते. मग टोक पुन्हा कापायचं. आपल्याकडे ज्वारीच्या ताटातलं भेंड आठवतं. पण ताटाच्या सालीत सिलिका असते, आणि तिची एक कुसळ आत राहिली तरी पॉलिश गेलं. वापरायचंच असेल तर साल दूरवर सोलून, गाभ्याचा मधलाच भाग घ्या.

चकत्या सोडवायला पितळ थोडं तापवा, बाजूला सरकवा, आणि लाख स्पिरिटमध्ये भिजत ठेवून विरघळवा. स्पिरिट कोमट केलं तर लवकर होतं, पण त्याचं भांडं थेट आचेवर कधीच ठेवायचं नाही. गरम पाण्याच्या वाडग्यात, गॅस बंद करून.

काय बिघडलं ते ओळखणं

एका दिव्याखाली, काळ्या कागदाच्या पार्श्वभूमीवर, भिंगातून बघा. तुकडा हळू कलता करा. पांढऱ्यावरून काळ्याकडे जाताना सगळा पृष्ठभाग एकदम बदलला पाहिजे. एक कोपरा आधी आणि दुसरा नंतर काळा झाला तर पृष्ठभाग सपाट नाही. तिपाई डुलली किंवा ठोकळा मधे खोलगट झाला.

सगळीकडे सारखी राखाडी झाक: पुट्टी पातळ, किंवा 3 मायक्रॉनचं काम अर्धवट. एकच लांब रेघ: बाहेरचा कण, ठोकळा ताजा करा, पुट्टी टाकून द्या, हात धुवा. छोटे खड्डे आणि त्यांच्या मागे शेपटी: पोलादातच अशुद्धी होती, किंवा पाणी देताना तुकडा जास्त वेळ लाल ठेवल्यामुळे वरचा थर जळला. नवीन तुकडा घ्या, भांडू नका. संत्र्याच्या सालीसारखा लाटालाटांचा पोत आला असेल तर तुम्ही मधेच कुठेतरी कापडाला हात लावलाय.

स्क्रूकडे

चकत्या जमल्या की स्क्रू. तीन पायांचं स्क्रूपॉलिशचं अवजार घ्या. स्क्रू त्याच्या जबड्यात धरून दोन्ही पाय असे जुळवा की डोकं काचेवर सपाट टेकेल. मार्करची युक्ती इथेही. दीड मिलिमीटरच्या डोक्यावर फार कमी धातू असतो, त्यामुळे सगळे टप्पे थोड्या फेऱ्यांतच उरकतात, आणि चूकही तेवढ्याच झटपट होते. डोक्यावरच्या खाचेच्या कडा हा खरा कस. त्या गोल झाल्या तर लांबूनही कळतं. जिनिव्हा कॅन्टननं 1886 मध्ये सुरू केलेल्या प्वँसों द जनेव्ह या घड्याळांच्या दर्जाच्या शिक्क्याच्या निकषांत स्क्रूची डोकी, त्यांच्या बाहेरच्या कडा आणि खाचा यांचा वेगळा उल्लेख आहे तो उगीच नाही. त्या कडांना द्यायचा छोटा उतार आधी कापून घ्यायचा, डोक्याचं पॉलिश सगळ्यात शेवटी.

निळा स्क्रू हवा असेल तर पॉलिशनंतर, पितळेच्या किसावर ठेवून 290–300 अंशांपर्यंत सावकाश तापवतात. बोटाचा एक ठसा राहिला असेल तर तिथे निळ्यात डाग पडतो, आणि मग सगळं पुन्हा.

उतारांचं पॉलिश, ज्याला अँग्लाज म्हणतात, ही वेगळीच शाळा आहे. स्वित्झर्लंडमधल्या व्हॅले द जू खोऱ्यातले फिलिप दुफूर हे त्या कामाचे जगातले सगळ्यात मान्यवर जिवंत कारागीर. त्यांच्या 2000 सालच्या ‘सिम्प्लिसिटी’ घड्याळाचे फोटो इंटरनेटवर मोठे करून बघा. तिथे उतारांसाठी जेन्शन या रानझाडाचा वाळवलेला दांडा डायमंटीन लावून वापरतात. जिथे दोन उतार आतल्या बाजूला टोकदार कोनात मिळतात, तिथे कुठलंही फिरतं यंत्र पोचत नाही, हातच लागतो. पहिली दोन वर्षं तिकडे जाऊ नका, असं माझं मत.

केसचं काय?

लोक विचारतात, हेच मी माझ्या घड्याळाच्या स्टीलच्या केसवर, म्हणजे बाहेरच्या कवचावर, करू का? नको. केस साधारण 316 एल स्टेनलेसची असते. ते स्टील पाणी देऊन कडक होत नाही, चिवट असतं, आणि कथील-डायमंटीनवर तसं वागत नाही. ग्रँड सेइको या जपानी घड्याळांच्या केसेसवर दिसणारं आरशासारखं सपाट काम झारात्सू पद्धतीनं होतं. हे नाव सालात्स या जुन्या पॉलिशयंत्रांच्या कंपनीच्या नावावरून जपानी उच्चारात आलं. त्यात कारागीर केस फिरत्या तबकडीच्या सपाट तोंडावर हातानं धरून कोन सांभाळतो. त्यासाठी वर्षांचा सराव लागतो. 1967 च्या 44 जीएस या घड्याळापासून सपाट तोंडं आणि धारदार कडा हीच त्यांची ओळख झाली.

जुन्या घड्याळांवर तर हात मुळीच नको. प्रत्येक पॉलिश धातू काढतं. कडा गेल्या की घड्याळाचा मूळ आकार गेला, आणि संग्राहकांच्या लेखी किंमतही. शिकायला भंगारातली केस घ्या.

घड्याळाबाहेर हेच तत्त्व मोठ्या मापात बघायचं तर मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचं शिकागोतलं ‘क्लाउड गेट’ हे आरशासारखं शिल्प आठवा, 2006 साली पूर्ण झालेलं. स्टेनलेसचे 168 पत्रे जोडून, सगळ्या सांध्यांवर टप्प्याटप्प्यानं घासकाम करून त्यांचा एकच अखंड वक्र पृष्ठभाग केला. तिथे कथलाचा ठोकळा नव्हता, पण नियम तोच होता: आधीच्या टप्प्याची रेघ पूर्ण गेल्याशिवाय पुढचा कागद हातात घ्यायचा नाही. एखादी शिवण उरली असती तर त्या आरशातलं शिकागो तिथे मोडलेलं दिसलं असतं.

शेवटी सांभाळण्याचं. काळ्या पॉलिशच्या कार्बन पोलादाला गंज फार लवकर लागतो, आणि मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात बोटाचा ठसा एका रात्रीत तपकिरी होतो. पूर्ण झालेले तुकडे चिमट्यानंच उचला. चिमट्याची टोकं पितळेची असावीत. पातळ तेलाचा हात द्या आणि घट्ट झाकणाच्या डबीत सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा, पॉलिशचं तोंड वर करून. पुडी ओलसर झाली की ओटीजीत वाळवून पुन्हा वापरता येते.